सीटी स्कॅनची सीडी घरच्या घरी फोडण्याची सोपी पद्धत

काकांच्या छातीचा सीटी झालाय, सेंटरवाल्यांनी रिपोर्टसोबत सीडी दिलीय आणि कोल्हापूरचे डॉक्टर म्हणतायत, "फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका." घरात इंजिनिअर तुम्ही एकटेच. सिव्हिल का असेना, लागा कामाला.

१. सीडी ड्राइव्ह शोधा. तुमच्या लॅपटॉपला तो नाही. रत्नागिरीत मारुती मंदिराच्या आसपास, जुना कॉम्प्युटर टिकवून असलेलं एखादं झेरॉक्सचं दुकान गाठा. "व्हायरस नाही ना?" असं विचारतील. खोकला काकांना आहे, सीडीला नाही, असं सांगा.

२. फाइली उघडा. शेकडो निघतील आणि बहुधा एकीच्याही नावाला शेपूट नसेल. नोटपॅडमध्ये उघडलीत तर पहिले १२८ बाइट सोडून डीआयसीएम ही चार अक्षरं सापडतील, पुढे सगळा गिचमिड काला. ही डायकॉम फाइल. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांनी आणि यंत्रं बनवणाऱ्यांनी मिळून १९८५ मध्ये पहिलं मानक काढलं, १९९३ मध्ये त्याला हे नाव मिळालं. तेव्हापासून वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू लागली. तुमच्याशी बोलायचं कुणी कबूल केलेलं नाही.

३. नावापुढे नुसतं 'डॉट जेपीजी' लिहून पाहा. सगळेच पाहतात. कर्नाटकचा आंबा रत्नागिरी हापूसच्या पेटीत भरण्याचाच हा प्रकार, फक्त कॉम्प्युटर गिऱ्हाइकाइतका भोळा नसतो.

४. आता मुकाट्याने मायक्रोडायकॉम किंवा वेसिस उतरवून घ्या. दोन्ही घरच्या वापराला फुकट. 'निदानासाठी वापरू नये' अशी सूचना दिसली तर न वाचता 'मान्य' दाबा आणि निदानाला बसा.

५. एक्स्पोर्ट करा. खरी कला इथे आहे. सीटी चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला आकडा देते: पाणी शून्य, हवा उणे १०००, टणक हाड अधिक हजाराच्याही पुढे. साध्या जेपीजीत करड्या छटा जेमतेम २५६. त्यामुळे एका वेळी आकड्यांचा एकच पट्टा दाखवता येतो. त्याला विंडो म्हणतात. फुप्फुसांची वेगळी, हाडांची वेगळी, मऊ भागांची वेगळी. डॉक्टर ती सारखी बदलत बघतात. तुम्ही जी उघडी असेल तीच कायमची गोठवा. मऊ भागांची असली तर फुप्फुसं काळीठिक्कर येतील. लगेच काकूंना दाखवा. काकांनी जन्मात विडी ओढली नसली तरी त्यांना खुलासा करू द्या, तेवढाच श्वासाचा व्यायाम. गाठ किती मिलिमीटरची, हे मोजायचं मापही जेपीजीत उरत नाही. हरकत नाही, स्क्रीनवर रुपयाचं नाणं धरून अंदाज घ्या.

६. शेकडो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर सोडा. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर ते दाबले जात नाहीत, पण नवशिक्यांनी सवयी बिघडवू नयेत. क्रमाची चिंता नको; आधी यकृत, मग खांदे, छाती सवडीने. चुकून 'आपलं कुटुंब'वर गेले तर एखादी मावशी हात जोडेल, एखादा भाचा 'हॅपी बर्थडे' म्हणेल.

७. डॉक्टरांचं उत्तर येईल: "मूळ डायकॉमच पाठवा." खचू नका. सीडी दोन पुठ्ठ्यांत बांधा, वर फोन नंबर ठळक लिहा आणि स्टँडवर कोल्हापूर गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरकडे सोपवा. सोबत फणसपोळी द्या, म्हणजे आंबा घाटात तो सीडीवर बसणार नाही.