टिपणातले साहित्य

मोजणीच्या टिपणाला रुक्ष म्हणणाऱ्यांनी आमच्या बांधाचे टिपण वाचावे. 33 फुटांची शंकू साखळी, तिचे 16 आणे, एवढ्या भांडवलावर केवढे व्यक्तिचित्रण! ‘खूण: वाकडी बाभूळ. लगतधारक गैरहजर, त्यांचा कुत्रा हजर, हरकत तोंडी.’ हा संयम आमच्या कादंबरीकारांना साधलेला नाही. शासनानेही वाङ्मयाची कदर केली आहे: पहिली मोजणी पटली नाही तर निमताना, तीही रुचली नाही तर सुपर निमताना, म्हणजे दुसरी आणि तिसरी आवृत्ती, फी वेगळी. आता क्षेत्राच्या रकान्याशेजारी ‘रस’ असा एक रकाना तेवढा हवा. शृंगार वगळून उरलेले आठ चालतील.

बाभूळ 15 वर्षांपूर्वीच सरपणाला गेली. हद्द अजून तिच्यापासूनच धरतात.