तक्रारखोर घशास अनावृत पत्र

प्रति,
घसेराव,
मु. हनुवटीखाली, विंचूर,
ता. निफाड, जि. नाशिक

विषय : सिगारेट सोडून वेप धरल्यापासून आपण चालवलेल्या खवखवीबाबत.

घसेराव, स. न. वि. वि.

आपली तक्रार मिळाली. ती रोज पहाटे मिळते. आधी खाकरणं, मग ठसका, मग तांब्याभर पाणी प्यायलं तरी न जाणारी कोरड. तक्रारीची एक प्रत शेजारच्या आळीलाही जाते, असं शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावरून दिसतं.

आम्हाला आपलं नवल वाटतं. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं असतात आणि त्यांतली किमान 70 कर्करोगाला कारण ठरतात. हा धूर आपण वर्षानुवर्षं निमूट आत घेतलात. पहिल्या झुरक्याला काय तो खोकलात, नंतर सवयीनं गप्प बसलात. आता आम्ही सुधारलो. राख नाही, थोटूक नाही, बोटांना पिवळेपणा नाही, कपड्यांना वास नाही. पेन ड्राइव्हएवढं यंत्र, त्यातून हापूसच्या वासाची वाफ. आणि नेमक्या याच वेळी आपल्याला कंठ फुटावा?

आपल्यावर लगेच दोष ठेवला, असं मात्र म्हणू नका. आम्ही रीतसर चौकशी केली. आधी संशय थंडीवर घेतला. आपल्याच तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते. मग उपबाजारातल्या कांद्याच्या फोलपटांवर आणि ट्रॅक्टरांच्या धुळीवर घेतला. मग द्राक्षबागांत भुरीसाठी मारतात त्या गंधकावर. शेवटी विंचूर-प्रकाशा रस्त्यावरच्या वाहतुकीवरही घेतला. सगळे निर्दोष सुटले, कारण हे सगळे आपल्या जन्मापासूनचे सोबती आहेत. खवखव यंत्राबरोबर आली आणि यंत्र चार्जिंगला लावलं की तेवढ्यापुरती थांबते. आरोपी सापडला, पण तो आमचा लाडका निघाला. म्हणून हे पत्र त्याला न लिहिता आपल्याला लिहीत आहोत.

आता आपल्या तक्रारीतला एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा, कोरड. आम्ही वाफ म्हणतो ती पाण्याची नाही, हे आपण बरोबर ओळखलंत. यंत्रात प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण असतं. लग्नात नवरा-नवरीच्या एंट्रीला धूर सोडणाऱ्या यंत्रांतही बहुधा याच जातीचा द्रव घालतात. तापलेल्या तारेवर त्याचे बारीक थेंब होतात. हे दोन्ही पदार्थ पाणी ओढून घेणारे. जिथं बसतील तिथला ओलावा शोषणार, आणि ते पहिल्यांदा बसतात आपल्याकडेच. मंगल कार्यालयात तो धूर पाच मिनिटांत विरतो. आपल्याकडे दिवसभर वरात चालू असते, कारण सिगारेट निदान संपायची तरी. या यंत्राला थोटूकच नाही.

दुसरा मुद्दा, खोकला. यात थोडा दोष सिगारेटच्या जाण्याचाही आहे. श्वासनलिकेत बारीक केसांसारखे तंतू असतात. कफ आणि घाण वर ढकलणं हे त्यांचं काम. धुरानं ते लुळे पडतात. धूर थांबला की ते पुन्हा कामाला लागतात आणि काही आठवडे खोकला उलट वाढतो. ही सुधारणेची खूण आहे. पण आम्ही झाडलोट सुरू होताच त्याच अंगणात आंब्याचा फवारा मारतो, त्यामुळे खोकला बरं होण्याचा की बिघडण्याचा, हे आता आपल्यालाही सांगता येणार नाही. शिवाय चहासोबतची एखादी सिगारेट अजून चालू आहेच. ती मोजायची नसते.

तिसरा मुद्दा, जळजळ. हा मुख्य. निकोटीन मूळचं अल्कधर्मी आणि घशाला झोंबणारं. आपल्या शिवारात मावा मारायला तंबाखूचा काढा फवारत आले ते उगाच नाही. त्याचेच प्रयोगशाळेतले चुलतभाऊ, इमिडाक्लोप्रिड वगैरे, आजही कृषी सेवा केंद्रात मिळतात. ते फवारताना तोंडाला फडकं बांधा म्हणून सांगणारे आम्हीच.

2003 मध्ये होन लिक नावाच्या चिनी औषधशास्त्रज्ञानं आजच्या धाटणीची ई-सिगारेट बनवली, तेव्हापासून धंद्यापुढची मोठी अडचण आपण आहात, घसेराव. निकोटीन वाढवलं की आपण ठसका देणार आणि गिऱ्हाईक यंत्र खाली ठेवणार. मग यावर उपाय निघाला. 2015 च्या सुमारास अमेरिकेत जूल नावाच्या ई-सिगारेटीत निकोटीनमध्ये बेंझोइक आम्ल मिसळून त्याचा क्षार वापरला गेला. झोंबणं कमी झालं, मात्रा वाढवता आली. जोडीला मेंथॉल होताच. मेंथॉल गारव्याचा भास करून देतो आणि जळजळ जाणवू देत नाही. दारावरचा राखणदार भुंकतो म्हणून चोरी सोडायची नसते, राखणदाराला तुकडा टाकायचा असतो, हे शास्त्र आहे. आपण तुकडा खाऊनही भुंकता, ही आमची खरी तक्रार.

चौथा मुद्दा आपण मांडला नाहीत, पण आम्हाला ठाऊक आहे. द्रव संपत आला आणि ओढतच राहिलं की तार कोरडी तापते. मग फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन तयार होतात. करपट चव येते ती याचीच. तेव्हा आम्ही यंत्राला शिव्या देतो आणि आणखी एक झुरका घेऊन खात्री करतो.

आपण विचाराल, या द्रवात नेमकं आहे तरी काय? हा प्रश्न विंचुरात विचारू नये, घसेराव, इथं तो फार टोचतो. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपनं आपली द्राक्षं अडवली आणि निफाडच्या बागाइतदारांचे डोळे पांढरे झाले. तेव्हापासून युरोपात जाणाऱ्या मालाच्या अंश तपासणीचा धाक प्रत्येक बागेला आहे. गावच्या वाइन पार्कातली बाटलीही अल्कोहोलची टक्केवारी आणि बनवणाऱ्याचं नाव-गाव अंगावर वागवते. सिगारेटच्या पाकिटाचा 85 टक्के भाग तर 2016 पासून रोगाच्या चित्रानं आणि इशाऱ्यानं भरलेला. आणि आमच्या यंत्रावर? चकचकीत रंगात ‘मँगो आइस’. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, तपासणी नाही, आणि निकोटीनचा 5 टक्के हा आकडा खरा की खोटा हे पाहणारं कुणी नाही. युरोपच्या घशाखाली जाणाऱ्या द्राक्षाची एवढी काळजी घेणाऱ्या गावानं स्वतःच्या घशापुरती सवलत घेतली, तर आपण एवढा गवगवा करू नये.

असं का, तर हा मालच चोरटा. 18 सप्टेंबर 2019 ला केंद्रानं वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिचा कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं, सगळं गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढणाऱ्यासाठी वेगळं कलम नाही, आणि त्या मोकळ्या फटीत आम्ही ऐटीत उभे आहोत. चोरट्या मालाला पावती नसते, तशी तक्रारपेटीही नसते. म्हणून तर आपली तक्रार शेवटी आमच्याकडे येते.

आता आपण विलायतेचा दाखला द्याल, म्हणून आधीच सांगतो. तिथली सरकारी आरोग्यसेवा म्हणते की वेप सिगारेटपेक्षा कमी घातक आहे आणि सिगारेट सोडायला त्याची मदत होते. हे खरं आहे, आणि आम्ही चारचौघांत तेवढंच सांगतो. पुढचं सांगत नाही. तिथं एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही, माल नोंदवावा लागतो, सिगारेट पूर्ण सुटावी लागते आणि नंतर वेपही सोडायचा असतो. आमचं 5 टक्क्यांचं यंत्र त्या मर्यादेच्या दुपटीहून वर जातं. कमी घातक म्हणजे निर्धोक, असं तिथलं सरकार म्हणत नाही. ते आम्ही म्हणतो.

सर्व बाजूंचा विचार करून आमचा निर्णय असा : आपण ज्येष्ठमध चघळावं. हळद-मिठाच्या गुळण्या कराव्यात. त्यानंही भागलं नाही तर हापूस बदलून पुदिना आणू. तोही झोंबला तर ग्लायकॉल कमी, ग्लिसरीन जास्त असलेला द्रव मागवू. निकोटीनच सोडण्याचा आपला प्रस्ताव वाचला, पण त्यात विकत घेण्यासारखं काहीच नसल्यामुळे तो विचारात घेता येत नाही.

कळावे, लोभ असावा, आवाज कमी असावा.

आपला,
मालक

ता. क. हे पत्र अनावृत असल्यामुळे इतर घसेही ते वाचतील, म्हणून त्यांच्या मालकांसाठी पाच सरळ वाक्यं. घसेरावांची तक्रार खरी आहे. तिच्यावर चव बदलणं हा उपाय नाही. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, गिळताना दुखत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर गुळण्या करत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. निकोटीन सोडायला च्युइंगम, पट्ट्या आणि औषधं आहेत, डॉक्टरांना विचारून ती घेता येतात. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक 1800-11-2356 आहे, आणि त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत.