आवाज कसा येऊन राह्यला, सर?

अनुकरणवाचक शब्द म्हणजे काय, हे मी सत्तावीस वर्षं आठवीच्या पोरांना शिकवलं. खडखड, कडकड, गडगड असे तीन शब्द फळ्यावर लिहायचे, चौथा वर्गाला विचारायचा, तोवर घंटा घणघणायची आणि पाचवा आपोआप मिळायचा. परीक्षेत या शब्दांना फार तर दोन गुण. म्हणून मीही त्यांच्याकडे दोन गुणांइतकंच लक्ष दिलं. त्याची भरपाई गेल्या उन्हाळ्यात करावी लागली, तीही रोखीने.

चतुर्थीला आम्ही यवतमाळहून कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला निघालो होतो. गाव मागे पडलं, रस्ता जरा खरबरीत लागला, आणि पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज सुरू झाला.

“अहो, काहीतरी खुळखुळतंय,” ही म्हणाली.

“खुळखुळत नाही. खडखडतंय.”

शिक्षकाला दुसऱ्याचा शब्द दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. आता ही बँकेत कॅशियर होती. काउंटरवर टाकलेला बंदा रुपया खरा की खोटा, हे मान वर न करता नुसत्या आवाजावरून सांगणारी बाई. तिच्या कानाला काही किंमत असावी, हा विचार मला त्या वेळी शिवला नाही. आम्ही कळंबपर्यंत ‘खुळ’ की ‘खड’ यावर वाद घातला. गाडी दोघांचं ऐकत, आपलं म्हणणं मांडत, चालत राहिली.

कळंबचा चिंतामणी जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून त्याच्यापाशी जावं लागतं. वर चव्वेचाळीस अंशांचं ऊन आणि खाली तो गारवा, अशा ठिकाणी मागायला खूप काही सुचतं. मी एवढंच मागितलं, की परतताना आवाज येऊ नये. तो आला. पण एक गंमत झाली. गतिरोधकाच्या आधी ब्रेकवर पाय ठेवला की तो थांबायचा आणि पाय काढला की पुन्हा सुरू व्हायचा. हे माझ्या नीट लक्षात आलं होतं. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला की गणपती अर्धा पावला.

पुढच्या दोन महिन्यांत मला कळलं की आजारी माणसापेक्षा आजारी गाडीचे हितचिंतक जास्त असतात. निवृत्त एसटी चालक असलेले शेजारी म्हणाले, स्टेपनी सैल असेल. स्टेपनी मागे डिक्कीत आणि आवाज पुढे, हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, “आवाज फिरत असतो.” चहाच्या टपरीवर एकमत झालं की दोष गाडीचा नसून वणीच्या रस्त्याचा आहे. एप्रिलमध्ये मी लग्नाला वणीला जाऊन आलो होतो. वणीकडे कोळशाच्या खाणी, त्यामुळे रस्त्यावर कोळशाचे ट्रक, आणि त्या ट्रकांमागून जाणाऱ्याच्या गाडीचंच नव्हे तर दातांचंही काही सैल झालं तर नवल नाही. हे निदान मला फार आवडलं. त्यात माझी काही चूक निघत नव्हती.

गावी गेलो तेव्हा मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला चपलेने टोचलं आणि सांगितलं, “चाक वाळलं.”

यावर हसू नका. मामांचं शास्त्र पक्कं आहे, फक्त वाहन वेगळं आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात ती तापवून. तापली की ती फुगते, चाकावर बसते. मग पाणी मारलं की आक्रसते आणि आऱ्यांना तुंब्यावर घट्ट आवळून धरते. पण वैशाख लागला की लाकूड वाळून लहान होतं, लोखंड आहे तेवढंच राहतं, धाव ढिली पडते आणि गाडी सबंध पांदणीला जागं करत जाते. उपाय सोपा: चाकं काढून डोहात नाहीतर तळ्यात टाकायची, लाकूड पाणी पिऊन फुगलं की आवाज बंद. “रातभर पाण्यात उभी कर,” मामा माझ्या गाडीकडे पाहत म्हणाले. मी “बरं” म्हणालो. मामांना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. आज विचार केला तर वाटतं, सैल बसलेली वस्तू ही एकच गोष्ट त्यांनी शंभर टक्के बरोबर ओळखली होती.

शहाण्यासुरत्यांनी मला असंही सुनावलं, की एवढ्याशा आवाजाचं काय घेऊन बसलास? त्यांचंही बरोबर. आम्ही शकुंतलेत बसलेली माणसं. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ती छोटी रेल्वे, अडीच फूट रुंदीचे रूळ, 1994 पर्यंत वाफेचं इंजिन. त्या गाडीत वाजत नाही असा भाग शोधावा लागायचा. खिडक्या वाजत, दारं वाजत, बाकं वाजत, उतारूंच्या डब्यातल्या भाकरीसुद्धा वाजत असाव्यात. पण तिला कोणी कधी विचारलं नाही की बाई, तुझं दुखतं कुठे. आवाज बंद झाला तेव्हाच लोक घाबरले, कारण गाडी थांबलेली असायची.

शेवटी गाडी गॅरेजला नेली. मोठं गॅरेज होतं. आत एसी, बाहेर आम्ही. टाय लावलेल्या पोराने विचारलं, “काय प्रॉब्लेम आहे सर?” मी मास्तरी स्पष्ट उच्चारांत सांगितलं, “खडखड.” त्याने संगणकात तेच भरलं. संध्याकाळी दोन्ही बाजूंचे लिंक रॉड बदलून मिळाले. लिंक रॉड म्हणजे हातभर लांबीचाही नसलेला एक दांडा. त्याच्या टोकांचे गोळे झिजले की खड्ड्यात चाक आपटताना लोखंडावर लोखंड बसतं. माझे झिजलेले नव्हते, हे नंतर कळलं. आवाज तसाच. पंधरा दिवसांनी डावी बेरिंग बदलली. आवाज तसाच. “शंभर किलोमीटर चालवा, सेट होईल,” असं मला सांगण्यात आलं. मी चालवली. आवाज खरोखरच सेट झाला.

मग हिच्या बँकेतल्या शिपायाने एका मिस्त्रीचं नाव सुचवलं. टिनाचं शेड, समोर कडुनिंब, कडुनिंबाला टांगलेला टायर. मिस्त्री एका ऑटोखाली होता. तिथूनच त्याने विचारलं, “आवाज कसा येऊन राह्यला, सर?”

“खडखड.”

“तसं नाई. काढून दाखवा.”

सत्तावीस वर्षं मी मुलांकडून शब्द वदवून घेतले, पण माझ्याकडून कोणी आवाज काढून घेतला नव्हता. भर बाजारात, चार गिऱ्हाइकांसमोर, मी घसा साफ करून गाडीचा आवाज काढला. मिस्त्री ऑटोखालून बाहेर आला. माझ्याकडे न पाहता त्याने हिला विचारलं, “ताई, तुमी सांगा.”

“खुळखुळ,” ही म्हणाली, आणि काउंटरवर नाणी वाजल्यासारखा नेमका आवाज काढला.

“आता समजलं.”

तरी त्याने आधी चाकाचे नट पाना लावून पाहिले. “पयले नट. नट ढिले असले तं बाकीचं निदान आयकायले मानूस राह्यत नाई.” मग जॅक लावला, चाक वर आणि खाली धरून हलवलं, मग डावीकडे-उजवीकडे धरून हलवलं, घड्याळात बारा-सहा आणि नऊ-तीन वाजावेत तसं. चाक हललं नाही. “बेरिंग नवीन दिसते,” तो म्हणाला. मी काही बोललो नाही.

मग ट्रायल. शेडमागे एका जिनिंगची लांबच लांब भिंत आहे. कापसाचा हंगाम सरलेला, सगळं सामसूम. डावी बाजू भिंतीला ठेवून, काचा खाली करून त्याने मला पंधराच्या वेगाने चालवायला लावलं, आणि स्वतः मागच्या डाव्या खिडकीतून मान बाहेर काढून बसला. आवाज भिंतीवर आपटून परत येतो, त्यामुळे कोणतं चाक बोलतं ते कळतं.

“ब्रेकवर पाय टेकवा. दाबू नका, नुसता टेकवा.”

आवाज गेला.

“सोडा.” आला. “टेकवा.” गेला. असं त्याने पाच-सहा वेळा करून घेतलं. तिसऱ्यांदाच त्याला कळलं होतं, बाकीचं तो माझ्यासाठी करत होता असा मला संशय आहे. कळंबच्या रस्त्यावर मी हाच प्रयोग केला होता आणि त्याचं श्रेय गणपतीला देऊन मोकळा झालो होतो.

चाक काढल्यावर त्याने ब्रेक पॅडला बोटाने टिचकी मारली. खुळखुळ. अगदी तोच आवाज, बोटाच्या टोकावर. डिस्क ब्रेकमध्ये चकतीच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड असतात, आणि ते आपल्या जागी चुपचाप बसावेत म्हणून पोलादाच्या पातळ क्लिपा असतात. डाव्या चाकात त्या नव्हत्याच. वर कॅलिपरची पिन कोरडी ठणठणीत. ब्रेक दाबला की पॅड चकतीला आवळले जात, म्हणून आवाज गप्प. सोडला की ते पुन्हा मोकळे.

“पॅड कई बदलले, सर?”

“मार्चमध्ये.”

“मंग?” तो एवढंच म्हणाला. ज्याने मार्चमध्ये पॅड बदलले, त्याच्या ड्रॉवरात माझ्या क्लिपा अजून पडल्या असतील. आणि मी वणीच्या ट्रकवाल्यांना शिव्या देत फिरत होतो.

क्लिपा आणायला पोरगा गेला तेवढ्या वेळात मिस्त्रीने माझा तास घेतला. “खुळखुळा कसा वाजते? पोकळ डब्यात दाना. दाना लहान, घर मोठं. खडखड तशी नसते, तिच्यात दोन मोठे लोखंड आपसात भांडतात. ते खड्ड्यात वाजते आन ब्रेक दाबला तरी आयकत नाई. घरघर बेरिंगची. वेग वाढला का ते वाढते, अन् उजवीकडं वळताना वजन डाव्या चाकावर पडते, तवा वाढली तं डावी बेरिंग गेली समजा. पूर्ण वळणावर कटकट आली का ॲक्सलचा जॉइंट.” चीं म्हणजे पॅड संपत आल्याची सूचना, खर्र म्हणजे सूचना वाचली नाही. कुरकुर रबराच्या बुशची. टिकटिक चाकाच्या फेऱ्याबरोबर येत असेल तर टायरच्या नक्षीत खडा अडकलाय, पेचकसाने काढायचा, पैसे नाहीत.

मी जे शब्द फळ्यावर यमकं जुळवल्यासारखे लिहीत आलो, ते या माणसाने दरपत्रकासारखे लावून ठेवले होते. टिकटिक फुकट, खुळखुळ काहीशेत, खडखड हजारांत, घरघर त्याहून पुढे. मी खुळखुळीला खडखड म्हणालो आणि प्रामाणिकपणे खडखडीचे पैसे भरून आलो. संगणकाचा काही दोष नाही.

पोरगा क्लिपा घेऊन आला. क्लिपा बसल्या, पिनेला ग्रीस लागलं, चाक चढलं. नट त्याने एकासमोर एक असे तिरके आवळले आणि आठवडाभराने पुन्हा एकदा आवळून जायला बजावलं. भिंतीपाशी परत एक फेरी मारली. भिंत काही बोलली नाही. इतकी शांतता झाली की मला माझ्याच घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

बिल मागितलं तर त्याने वहीचं पान फाडलं. माझा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला. क्लिपा, ग्रीस, मजुरी हे सगळं त्याने एकाच ओळीत उरकलं होतं, आणि खुळखुळ लिहिताना ओळ संपल्यामुळे, की कंटाळा आल्यामुळे, अर्धाच शब्द लिहिला होता, तोही दीर्घ ऊकार देऊन:

“सरचं खूळ काढलं. 450 रुपये.”

मी पेन परत खिशात ठेवलं. हिने माझ्या हातातून कागद घेतला, चष्मा लावून एकदा वाचला, उलटून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं आणि पर्स उघडत मिस्त्रीला म्हणाली, “एवढ्या स्वस्तात?”