आमरस एकदाच मिळेल

बसा, चहा घ्या. तुमच्याही मंडळाची वेबसाइट असेल, तर साखर जरा जास्तच टाकून घ्या.

आम्ही बंगळुरात राहणारी चाळीसेक मराठी घरं. दरवर्षी गणपती बसवतो. यंदा कार्यकारिणीने ठराव केला, की मंडळाची वेबसाइट हवी. पानं पाच: आरतीच्या वेळा, मोदकांची मागणी, फोटो, पदाधिकारी आणि तक्रारपेटी. अंमलबजावणीसाठी ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणून माझी नेमणूक झाली. त्या बैठकीला मी गैरहजर होतो, एवढीच माझी पात्रता.

तुम्ही म्हणाल, बंगळुरात काय, दगड भिरकावला तर इंजिनिअरला लागतो. विचारायचं कुणाला तरी. विचारलं ना! ‘पाच पानांना कोणतं होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची जागा, घ्यावं?’ एवढाच प्रश्न. नऊ जणांनी दहा उत्तरं दिली. दहावं उत्तर पहिल्यानेच मत बदलून दिलं.

पहिला प्रकार शेअर्ड. इथल्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, ‘बाय-टू’ कॉफी मिळते, म्हणजे एक कॉफी दोघांत. शेअर्ड होस्टिंग ही तीच कॉफी, पण दोनशे जणांत. एकाच सर्व्हरवर कुणाचं साड्यांचं दुकान, कुणाची ट्रॅव्हल कंपनी आणि कोपऱ्यात आपला गणपती. दुकानात सेल लागला की गणपतीने थांबायचं. ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’, म्हणजे ‘जरा सांभाळून घ्या’, हे या शहराचं ब्रीद सर्व्हरलाही लागू आहे, हे मला माहीत नव्हतं.

दुसरा व्हीपीएस. त्याच सर्व्हरचा आखून दिलेला तुकडा; शेजाऱ्याने गोंधळ घातला तरी आपली मेमरी आपलीच. मात्र डागडुजी, अपडेट, पहारा हे सगळं आपणच करायचं. तिसरा डेडिकेटेड, म्हणजे अख्खा सर्व्हर एकट्याला. एकवीस मोदकांसाठी अख्खा कल्याणमंडप. चौथा क्लाउड: जेवढं वापराल तेवढंच बिल, मीटरप्रमाणे. बंगळुरात वीस वर्षं रिक्षाने फिरल्यावर ‘मीटरप्रमाणे’ या शब्दावरचा माझा विश्वास कायमचा उडालेला आहे.

मग पुतण्या मैदानात उतरला. सर्व्हर बंगळुरातलाच हवा, हा त्याचा हट्ट. २०१६ साली अ‍ॅमेझॉनने मुंबईत आणि डिजिटलओशनने बंगळुरात डेटा सेंटरची सोय केली, हे त्याला तोंडपाठ. मुंबईचा सर्व्हर घेतला तर पान उघडायला काही मिलीसेकंद जास्त लागतील, आणि हे त्याला सहन होणार नव्हतं. हे सांगायला तो व्हाइटफील्डहून सिल्क बोर्डमार्गे आमच्याकडे आला. दोन तास दहा मिनिटं लागली. त्याबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती.

शेवटी खजिनदारांनी निकाल दिला: स्वस्त ते घ्या. ‘महिना फक्त १४९ रुपये, सारं काही अमर्यादित.’ पैसे भरताना कळलं, हा दर एकदम ४८ महिन्यांचे पैसे भरणाऱ्यालाच. झाले ७,१५२. वर १८ टक्के जीएसटी. एकूण ८,४३९ रुपये ३६ पैसे. त्या ३६ पैशांचं व्हाउचर खजिनदार अजून मागताहेत. नूतनीकरणाचा दर तिप्पट असल्याचं ज्या अक्षरांत लिहिलं होतं, ती वाचायला मी चष्म्याचा नंबर वाढवून आणला. आणि ‘अमर्यादित’ला खाली टीप होतीच: फाइलींची संख्या मर्यादित, प्रोसेसरचा वापर मर्यादित. आपल्याकडच्या अमर्यादित थाळीच्या पाटीवर खाली लिहिलेलं असतं ना, आमरस एकदाच मिळेल, तसं.

चतुर्थीची संध्याकाळ. आरतीला सुरुवात आणि वेबसाइटवर ‘५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड’. आमच्याकडच्या पाच आरत्या, मंत्रपुष्पांजली आणि प्रसादाच्या सूचना मिळून बरोबर ४० मिनिटं होतात. वेबसाइटही ४० मिनिटंच बंद होती. मी कंपनीला सविस्तर निवेदन पाठवलं. उत्तर आलं: आमची हमी ९९.९ टक्क्यांची आहे, उरलेला ०.१ टक्का म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं. सबब आपली ३ मिनिटं अजून शिल्लक आहेत.

ती ३ मिनिटं विसर्जनासाठी राखून ठेवली असावीत, असा माझा कयास आहे.

प्रकरण मी कार्यकारिणीपुढे मांडलं. खजिनदारांनी इतिवृत्तात नोंद केली, की वेबसाइट बंद पडल्याबद्दल सभासदांकडून एकही तक्रार प्राप्त झालेली नाही, सबब विषय निकाली काढण्यात येत आहे.

प्राप्त होईल कशी? तक्रारपेटी तिथेच होती.