उन्हाचे ऑडिटर

प्रत्येक कॉलनीत एक अण्णा असतातच. भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय ती पिशवीत न टाकणारे, गोळ्यांच्या पाकिटावरची एक्स्पायरी औषधवाल्यालाच मोठ्याने वाचायला लावणारे. २०२४च्या फेब्रुवारीत गच्चीवर सोलर पॅनल बसवायला अनुदान देणारी पीएम सूर्यघर योजना आली आणि आमच्या अण्णांना तपासायला थेट सूर्यच मिळाला.

तसं काम सोपं. सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी असते, त्यातला एक निवडायचा. पण ‘अधिकृत’ म्हटलं की अण्णांच्या भुवया वर जातात. ‘‘अहो, पाटी काय कुणीही लावतं!’’ मग त्यांनी जीएसटी क्रमांक ताडून पाहिले. एकाच्या ऑफिसात तर ‘सहज इकडून चाललो होतो’ म्हणत डोकावूनही आले. मोबाइलवर ‘फक्त आजच, निम्म्या किमतीत सोलर’ अशी जाहिरात दिसली की रात्र जागून ती वेबसाइट बनावट कशी, हे शोधायचं आणि सकाळी फिरायला निघालेल्या आम्हाला पुराव्यासकट ऐकवायचं. (त्या दिवसांत माझं फिरणं बरंच कमी झालं.)

‘‘पॅनल डीसीआर आहे ना? म्हणजे आतला सेलसुद्धा भारतातच बनलेला? नाहीतर तीन किलोवॉटचे ७८,००० रुपये अनुदान विसरा!’’ हा प्रश्न ते प्रत्येक विक्रेत्याला विचारत. एकदा सवयीने इस्त्रीवाल्यालाही विचारला. तोही बिचारा ‘हो’ म्हणाला.

एका सेल्समनने २५ वर्षांची वॉरंटी सांगितली.

‘‘तुमची कंपनी किती वर्षांची?’’

‘‘सहा.’’

‘‘मग हा पंचवीसचा शब्द कुणाच्या जिवावर देताय?’’

तो मुलगा पाणी न पिताच गेला.

अकरा कोटेशनं, चार रंगांची एक्सेल शीट. दरम्यान महावितरणची बिलं नेमाने येत होती आणि अण्णा ती नेमाने भरत होते. शेवटी बारावा आला. त्याने अण्णांकडे पाहिलंही नाही, वहिनींना विचारलं, ‘‘काकू, कपडे कुठे वाळत घालता? स्ट्रक्चर उंच घेऊ, खालून ये-जा करता येईल.’’

‘‘हाच,’’ वहिनी म्हणाल्या. एक्सेल मिटलं.

पॅनल बसले, नेट मीटर लागला. ऊन चांगलं असलं की दिवसाला बारा-एक युनिटं. पण तीन किलोवॉटला तीनेकशे चौरस फूट गच्ची जाते, आणि उरलेल्या कोपऱ्यात टाकीची सावली. चैत्रात वहिनींनी कुरडयांचा चीक शिजवला आणि वर जाऊन परत आल्या.

‘‘सगळं ऊन वीज मंडळाला विकलंत. माझ्या कुरडयांना कुठलं ठेवलंत?’’

यंदा त्यांच्या कुरडया आमच्या गच्चीवर वाळताहेत. कावळे हाकलायला अण्णा स्वतः बसतात, टोपी घालून. मधूनच मोबाइलवरचं ॲप माझ्यापुढे धरतात, ‘‘अकरा पॉइंट चार!’’ आणि मग माझ्या गच्चीकडे नजर टाकून, ‘‘तुमच्याकडे ऊन जरा कमीच येतं, नाही?’’