दाजींकडची शांतता

श्रावण सरत आला की मी पुणं सोडायच्या गोष्टी करू लागतो. दिवाळी अंकांची प्रुफं हातात पडतात ती याच दिवसांत, आणि ढोलपथकं सरावासाठी नदीपात्रात उतरतात तीही याच दिवसांत. एकीकडे ऱ्हस्वदीर्घ, दुसरीकडे शे-दीडशे ढोल. मागच्या वर्षी एका कथेतली 'दीन अबला' माझ्या हातून 'दिन अबला' होऊन निसटली. संपादकांनी विचारलं तेव्हा मी ताशाकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "ताशाला आपण मानधन देत नाही."

यंदा आक्काचा फोन आला. "इकडं ये की आठवडाभर. आमच्याकडं शांत हाय."

आक्का माझी थोरली बहीण. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. मी पेठेतल्या वाड्यात खोली धरून राहिलो आणि माझी भाषा बिघडली; ती लग्न होऊन काळेवाडीत गेली आणि तिची जशीच्या तशी राहिली. दाजी एका मोटार कंपनीत पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. अर्ध्या गुंठ्यावर तीन मजले चढवलेत, वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू, आणि गेटवर संगमरवरात 'आईची कृपा'. त्या गल्लीत आईची कृपा एकूण चार ठिकाणी झाली आहे. कुरिअरवाला कोणत्या आईची, असं विचारतो.

योगायोग असा की गठ्ठ्यातलं पहिलंच प्रूफ एका गृहप्रकल्पाच्या पानभर जाहिरातीचं निघालं. 'काळेवाडीपासून अवघ्या पाच मिनिटांवर! शात, निसर्गरम्य आणि कौटुंबिक परिसर. पवनामाईच्या कुशीत.' 'शांत'वरचा अनुस्वार गळाला होता. मी लाल पेन उचललं आणि परत ठेवलं. म्हटलं, जातोच आहोत, तर बघून येऊ आणि मग देऊ.

वाड्यातल्या शेजाऱ्यांनी मुक्काम कुठे म्हणून विचारलं. काळेवाडी म्हटल्यावर ते थोडे गंभीर झाले. "म्हणजे मुंबई रोडलाच ना? जपून जा." हे गृहस्थ दरवर्षी मुलाकडे कॅलिफोर्नियाला जातात, तेव्हा कोणी जपून जा म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. खरं तर आता जपण्यासारखं काही उरलेलंही नाही. मेट्रो पहिल्यांदा 2022 च्या मार्चमध्ये पीसीएमसी ते फुगेवाडी अशी धावली, मग शिवाजीनगर न्यायालयापर्यंत आली आणि 2024 च्या सप्टेंबरात स्वारगेटला पोचली. मंडईच्या पोटात उतरायचं, गाडीत बसायचं आणि एकदम पिंपरीत डोकं वर काढायचं. मधली दापोडी, कासारवाडी कधी गेली ते मला कळलं नाही. मी एका ललितलेखातले 'निःशब्द'चे विसर्ग मोजत होतो. सतरा भरले.

खरा प्रवास पिंपरीच्या चौकात सुरू झाला. शेअर रिक्षात मागे तीन बसल्यावर मी निघा म्हणालो, तर चालकाने मागे वळून माझ्याकडे दयेने पाहिलं. चौथा त्याच्या शेजारी, अर्ध्या कुल्ल्यावर बसला आणि मग आम्ही निघालो. पुलावर आल्यावर पवना दिसली. म्हणजे पवना असावी. वर हिरवीगार जलपर्णी इतकी दाट होती की नवख्या माणसाने क्रिकेटचं मैदान समजून नाणेफेक केली असती. मावळात उगम पावून, चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीपाशी घाट धुऊन ही नदी इथे येते आणि पुढे दापोडीला मुळेला मिळते. जाहिरातीतली कूस ती हीच. नदीच्या अलीकडे पिंपरी, पलीकडे काळेवाडी. दाजींच्या मते अलीकडे फक्त कंपनी आणि बाजार, माणसं पलीकडे. 1954 साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, मागोमाग मोटारींचे आले, 1982 साली महानगरपालिका झाली, आणि या सगळ्यांत कामाला जाणाऱ्यांना रात्री पाठ टेकायला जागा हवी होती. ती पुलापलीकडे गुंठ्यागुंठ्याने मिळाली.

तापकीर चौकातून आत वळलो आणि गल्लीच्या तोंडाशीच मांडव दिसला. दोन भोंगे. एका भोंग्यातून गुरुजींचे मंत्र, दुसऱ्यातून त्याच मंत्रांचा अर्ध्या सेकंदाने मागून येणारा प्रतिध्वनी.

"आक्का, तू शांत आहे म्हणालीस ना?"

"मग? हाय की. शेजारच्या पाटलांची वास्तुशांत हाय आज. तुलाबी जेवायला सांगितलंय."

तेवीस वर्षं शुद्धलेखन तपासूनही बहिणीच्या एका शब्दाला दोन अर्थ असतात, हे मी विसरलो होतो.

पाटलांकडच्या पंगतीत मला काळेवाडीचं पहिलं कलम कळलं. इथे कोणी आडनाव विचारत नाही, आडनाव पत्रिकेवर असतं. विचारतात ते "गाव कोणतं?" डावीकडे लातूर बसलं होतं, उजवीकडे जळगाव, समोर सांगली आणि वाढायला बुलढाणा. मी "पुणे" म्हणालो. लातूर म्हणालं, "ते ऱ्हाऊ द्या, गाव कोणतं?" पेठेत तीस वर्षं काढून मिळवलेलं पुणेकरपण एका जिलबीत गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी जागा झालो. झालो म्हणण्यापेक्षा केला गेलो. फर्स्ट शिफ्टची गल्ली उठली होती. एकेका गेटातून मोटारसायकली निघत होत्या, चौकात कंपनीच्या बसचा हॉर्न होता, आणि डबा विसरलेल्या कोणा नवऱ्यामागे बायकोची हाक तिसऱ्या मजल्यावरून थेट चौकापर्यंत पोचत होती. हे ओसरतंय तोवर पाणी आलं. या शहरात 2019 च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे इथल्या पंचांगात दोनच तिथी: पाण्याचा दिवस आणि बिनपाण्याचा दिवस. आक्काला कालचा वार आठवत नाही, पण येत्या महिन्याच्या बारा तारखेला पाणी आहे की नाही हे ती झोपेत सांगते. पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, मग टाक्या भरून वाहू लागतात, मग "वाहायलंऽऽ" अशी आरोळी, मग घंटागाडीचं गाणं, मग शाळेच्या व्हॅन. व्हॅनवाला हॉर्न वाजवत नाही. तो प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव घेतो, वडिलांसकट.

नऊनंतर सगळं थंडावलं. मी बैठक मारली, पेनचं टोपण काढलं आणि नेमका हाताचा धक्का लागून पाण्याचं भांडं फरशीवर गेलं. स्टीलचं भांडं पडलं की आधी पडतं, मग गोल फिरतं, मग त्याला आणखी काही सांगायचं राहिलेलं असतं. ते थांबायच्या आत जिन्यावरून सातएक वर्षांची एक मुलगी खाली आली आणि ओठांवर बोट ठेवून उभी राहिली.

"हळू ना, आजोबा. पप्पा थर्ड करून आलेत."

मी ओशाळलो. थर्ड, म्हणजे रात्रपाळी, करून येणं ही इथली फार मोठी गोष्ट आहे. थर्ड केलेल्या माणसाच्या दाराशी भाजीवाला आवाज खाली आणतो, बायका कपडे आपटत नाहीत, धुतात. गल्लीत नीट विचारलं तर कुठल्या घरात कोण कोणत्या शिफ्टला आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं आणि आठवडा पालटला की तो नकाशा आपोआप बदलतो. पेठेत आम्ही दुपारी एक ते चार शांतता पाळतो, पण ती स्वतःची. दुसऱ्याच्या झोपेसाठी स्वतःचं भांडं धरून ठेवायचं हे मला नवीन होतं.

एवढं मनात येतंय तोच मागच्या पत्र्याच्या शेडमधून धाड् असा आवाज आला. मग दर चार सेकंदांनी एक. कोणी तरी मोटारीच्या सुट्या भागांचं जॉबवर्क घेतलं होतं आणि पत्रा कापायचा प्रेस सुरू झाला होता. भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. मी वर पाहिलं. वरून कोणीही ओठांवर बोट ठेवायला आलं नाही.

दुपारी थर्डवाले स्वतःच खाली आले, चहाला. मी दोन्ही आवाजांचा विषय काढला. ते जांभई देत म्हणाले, "प्रेसचा काय त्रास, काका? मशीन चालू असलं की झोप लागते. सगळं बरोबर चाललंय असं वाटतं. भांडं पडलं की दचकायला होतं. वाटतं, लाइन बंद पडली."

कौटुंबिक या शब्दाचा उलगडा त्याच संध्याकाळी झाला. मी लिहिण्या-वाचण्यातला आहे ही बातमी आक्काने कोथिंबीर निवडता निवडता सोडली होती. साडेपाचला पाटलीणबाई मुलाच्या निबंधाची वही घेऊन आल्या. मागून मंडळाचे कार्यकर्ते वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन आले. त्यावर 'सार्वजनीक' होतं, ते मी 'सार्वजनिक' केलं आणि त्याबद्दल माझ्याच नावाने पाचशे एकची पावती फाडली गेली. बुलढाण्याने रजेचा अर्ज आणला. अर्जात आजी वारली होती. मी ऱ्हस्वदीर्घ तपासून दिले. तो म्हणाला, "काका, जरा जास्त वारल्यासारखं करा ना." जळगावने काहीच आणलं नाही, नुसता येऊन टीव्हीसमोर बसला. त्याच्या घरी सासू आली होती. रात्री साडेनऊपर्यंत दार लोटलेलंच राहिलं. इथे दाराला कडी लावली तर लोक दवाखान्याची फाईल घेऊन धावत येतात.

आणि मग ढोल वाजला.

आधी मला भास वाटला. पेठेतला ढोल अंगात भिनला असेल म्हणून मी उशी कानावर घेतली. पण ताशाही होता. आवाज नदीच्या अंगाने येत होता. तेवढ्यात भाचा कमरेला पट्टा आवळत बाहेर आला.

"मामा, येतोस का सरावाला? आपलंच पथक आहे."

मी त्याला म्हणालो, "ज्याच्यापासून पळून आलो तेच तू!" तो म्हणाला, "तिकडच्यांपेक्षा आपला ठेका भारी आहे पण." एवढं बोलून सेकंड शिफ्टची पोरं सुटायची वाट बघत उभा राहिला, कारण अर्धं पथक सेकंडला होतं.

तीन दिवसांत माझी अकरा पानं झाली. त्यातही एका कवितेत 'मौन'चं मी 'मोटार' वाचलं.

गुरुवारी सकाळी जाग आली ती काहीच ऐकू न आल्यामुळे. पंखा थांबलेला. प्रेस बंद. इथल्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि विजेच्या दुरुस्तीची कामंही त्याच दिवशी काढतात. त्यातून तो बिनपाण्याचा दिवस, म्हणून मोटारी नाहीत. गल्लीत पान हललं तरी ऐकू आलं असतं, आणि एका ठिकाणी खरंच हललं, शेवग्याचं होतं. आयुष्यभर जी मागितली ती शांतता माझ्यापुढे ताट वाढून ठेवल्यासारखी होती. मी पेन उघडलं.

आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. "एवढं शांत का वाटतंय रं? कुनाचं काय झालं का?" ती गॅलरीत जाऊन दोन्हीकडे बघून आली. पाटलीणबाई त्यांच्या गॅलरीत आधीच येऊन थांबल्या होत्या, त्याच चौकशीला. थर्डवाले डोळे तांबडे करून जिन्यावर बसले होते. पंखाही नाही, प्रेसही नाही, झोप कशी यावी? हळूहळू गल्लीच खाली उतरली आणि लोक एकमेकांना काय झालं, काय झालं म्हणून विचारू लागले.

दाजी मात्र खुर्ची टाकून निवांत होते. म्हणाले, "हे काहीच नाही. आमची पोरगी अटलांटाजवळ अल्फारेटाला असते ना, तिथं दोन महिने काढलेत मी. घरं अशी चित्रासारखी. पुढं हिरवळ, मागं झाडी. पयल्या दिवशी मी जावयाला विचारलं, संचारबंदी लागलीय का? तर म्हणाला, दाजी..." इथे दाजींनी स्वतःच जीभ चावली, "...बाबा म्हणाला तो. म्हणाला, बाबा, इथं हे नेहमीचंच आहे, फॅमिलीसाठी फार चांगला एरिया आहे. म्हटलं, फॅमिली कुठंय? आठ दिवसांत एक माणूस दिसला, तो कुत्र्याशी बोलत होता. रात्री मला झोप येईना. शेवटी बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून झोपायला लागलो. जरा कंपनीत असल्यासारखं वाटायचं."

थर्डवाल्यांनी यावर मान डोलावली, ती एका जाणकाराने दुसऱ्या जाणकाराला डोलवावी तशी.

बारा वाजता वीज आली. प्रेसचा मालक म्हणे सुट्टी असूनही एक ऑर्डर पुरी करायला आला होता. धाड्. कॅलेंडर हललं. थर्डवाले उठले आणि काही न बोलता वर निघून गेले. आक्काने फोडणी दिली. त्या दुपारी मी अठ्ठेचाळीस पानं तपासली, एकही चूक न ठेवता. निदान मला अजून तरी कोणी दाखवलेली नाही.

सगळ्यांत शेवटी ती जाहिरात घेतली. 'शांत'ला अनुस्वार दिला. 'कौटुंबिक'ला हात लावायचं कारण नव्हतं. 'निसर्गरम्य'समोर समासात प्रश्नचिन्ह टाकलं आणि प्रूफ पाठवून दिलं. जाहिरातवाल्यांचा अजून फोन आलेला नाही. आक्काचा आला होता. गणपतीनंतर परत ये म्हणाली, पण तारीख पाण्याच्या दिवसाची बघ.