समोसा कमी करा

आमच्या मोठ्या बाबांना कार्टून आवडत नाही. ते फक्त रोज पाहतात.

नातू पाचच्या सुमारास शाळेतून येतो, दप्तर दिवाणावर फेकतो आणि रिमोट शोधायला लागतो. रिमोट मोठ्या बाबांच्या उशीखाली असतो. "घे बापा, पाह्य तुहं काय ते," असं म्हणून ते तो काढून देतात आणि पेपर तोंडापुढे धरतात. पेपरचं पान काही उलटत नाही. टीव्हीवरचं गाणं संपलं की पेपर हळूच मांडीवर येतो, चष्मा नाकावर नीट बसतो आणि पहिला निकाल लागतो: "पयले असा नोता हा."

हा म्हणजे मोटू. फुरफुरीनगरचा, पतलूचा जोडीदार. मोठ्या बाबांची त्याची ओळख आमच्या जन्माआधीची. 'लोटपोट' हे हिंदी मासिक 1969 साली निघालं. कृपाशंकर भारद्वाज यांचे मोटू-पतलू त्यातलेच. मोठे बाबा तरुणपणी एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून अंक घ्यायचे, गाडी लागेपर्यंत उभ्याउभ्या वाचायचे, आणि गाडी लागली तरी वाचत राहायचे. पुढे 2012 मध्ये ही जोडी टीव्हीवर आली, तेव्हा ते गावचा माणूस आमदार झाल्यासारखे खूश झाले होते. मग पाहायला बसले. तेव्हापासून कुरकुर सुरू आहे.

मोठे बाबा कापूस पणन महासंघात ग्रेडर होते, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एकाधिकार खरेदीच्या काळात ग्रेडर म्हणजे केवढं प्रस्थ! खरेदी केंद्रावर बंड्यांची रांग लागलेली, शेतकरी रात्रीपासून बैल सोडून बसलेला, आणि ग्रेडरसाहेब येऊन काय बोलतात यावर त्याचं वर्ष ठरायचं. मोठे बाबा वरच्या कापसाकडे बघायचेच नाहीत. कोपरापर्यंत हात आत खुपसून तळाचा पुंजका काढायचा, चिमटीत धरायचा, दोन्ही अंगठ्यांनी सावकाश ओढायचा, सुटलेल्या धाग्याची लांबी नजरेनं मोजायची, कवडी किती, कचरा किती ते पाहायचं आणि ग्रेड सांगायची. बोलणं संपलं. वरचा थर दाखवायसाठीच असते, असं त्यांचं म्हणणं.

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण अंगठे निवृत्त झाले नाहीत. टीव्हीपुढे बसले की हवेतला कापूस ओढत राहतात. एखादा प्रसंग जमला तर अंगठे लांबवर जातात आणि "एफएक्यू माल" असा शेरा मिळतो. बहुतेक वेळा मात्र अंगठे जागच्या जागी सुटतात. "धागा आखूड झाला."

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. "इनोदी मानूस दहा गोष्टीनं इनोदी असते. लिवनारे काय करतात, पाह्यतात का कोनत्या गोष्टीवर लोक जास्त हासले. मंग ते एक गोष्ट ठेवतात अन् नऊ फेकून देतात. मंग त्या एकीलेच पानी देत राह्यतात. फरदड घेऊन राहिले लेकाचे!"

यवतमाळच्या माणसाला फरदड समजावून सांगावी लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. हंगाम संपला तरी पऱ्हाटी उपटायची नाही, वर आणखी पाणी द्यायचं आणि उरलीसुरली बोंडं वेचत बसायचं. माल हलका येतो आणि गुलाबी बोंडअळीची पुढच्या हंगामापर्यंत राहण्याजेवणाची सोय होते. फरदड घेऊ नका, असं कृषी खातं दरवर्षी ओरडून सांगतं. कार्टूनवाल्यांना तसं सांगणारं एकही खातं सरकारनं काढलेलं नाही, ही मोठ्या बाबांची खंत.

मोटूचा खटला तर त्यांना तोंडपाठ आहे. 'लोटपोट'मधला मोटू, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, आधी भोळा होता. बढाईखोर होता, भित्रा होता, पतलूवर जीव टाकणारा होता, आणि मग भुकेला होता. टीव्हीवर भूक तेवढी उरली. समोसा दिसला की धावतो, समोसा मिळाला की अंगात बळ येतं, मग मारामारी, की संपला भाग. घसीटारामला बघावं तर ज्या त्या कामाचा वीस वर्षांचा अनुभव. इन्स्पेक्टर चिंगमनं हवेत गोळी झाडली की नारळ त्याच्याच डोक्यात. "पयल्यांदा नारळ पडला तवा मी हासलो," मोठे बाबा अगदी न्यायानं सांगतात. "दुसऱ्यांदाबी हासलो. पन आता तो बंदूक वर करते अन् मी इकडं डोक्यावर हात ठेवतो. मले आधीच मालूम पडते, त मंग त्याले काहून मालूम पडत नाई?"

यावर नातू म्हणतो, "आबाजी, नारळ पडतो म्हणूनच तर मी बघतो."

हा मुद्दा बिनतोड आहे असं माझं मत. नातवाचा हा पहिलाच हंगाम. त्याच्यासाठी प्रत्येक नारळ ताजा आहे, आणि कार्टून त्याच्यासाठीच काढलेलं आहे. पण मोठे बाबा त्याच्याकडे, ओला कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याकडे बघावं तसं बघतात. रागानं नाही, काळजीनं. "याले ग्रेडिंग शिकवा लागते."

त्यांचं वाचन दांडगं आहे, आणि तेच घरच्यांना भोवतं. पॉपाय नावाचा खलाशी 1929 मध्ये दुसऱ्यांच्याच चित्रमालिकेत पाहुणा म्हणून आला, हे ते कोणालाही सांगतात. ती मालिका तेव्हा दहाव्या वर्षात होती. या पाहुण्यानं घरच ताब्यात घेतलं. सेगर या चित्रकाराचा पॉपाय मूळचा तिरसट, तत्त्वज्ञानी आणि आडमुठा. मग तो सिनेमात गेला आणि तिथे पालकाचा डबा तेवढा उरला. डबा उघडला की दंड फुगणार. "पॉपायचा पालक, छोटा भीमचा लाडू अन् आमच्या मोटूचा समोसा," असं म्हणून मोठे बाबा तीन बोटं दाखवतात. "तिन्ही येकाच बंडीतले." इथपर्यंत त्यांचं ऐकताना मान डोलवावीशी वाटते. पुढे ते पालकाच्या भावावर जातात.

एकदा आमच्या चुलत बहिणीला पाहायला दिग्रसहून पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला, पुढे काय बोलावं ते कोणाला सुचेना. पाहुण्यांबरोबरचं लहान पोर कुरकुरायला लागलं म्हणून टीव्ही लावला, तर 'टॉम अँड जेरी'. नवरदेवाचे वडील सभ्य गृहस्थ. शांतता मोडावी म्हणून म्हणाले, "आमच्या वेळचंच आहे हे. अजून टिकून आहे."

टिकून आहे! मोठ्या बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. हॅना आणि बार्बेरा या दोघांनी 1940 मध्ये ही जोडी कशी काढली, तिला सात ऑस्कर कशी मिळाली, इथून सुरुवात झाली. गाडी 1975 वर आली तेव्हा त्यांचा आवाज चढला. त्या काळी अमेरिकेत मुलांच्या कार्टूनमधल्या मारामारीवर पालकांनी ओरड केली होती. मग टीव्हीसाठी नव्यानं काढलेल्या मालिकेत टॉम आणि जेरीला चक्क मित्र करून टाकलं. "मांजर-उंदराची सोयरीक लावली हो त्याहीनं! जेरीच्या गळ्यात लाल बो बांधला अन् दोघं मिळून फिरायले निंगाले. पुढं सिनेमात दोघायले गाने म्हनायले लावले. भांडन नाई त जोडी कायची? मी सांगतो, जे दोघं भांडतच नाई, त्यायच्या घरात पाह्यन्यासारखं काय राह्यते?"

खोलीत सामसूम. मुलीकडच्या ज्येष्ठ माणसानं ऐन बैठकीत सोयरीक, जोडी आणि भांडण यांवर एवढं बोलावं, याचा अर्थ काय घ्यायचा ते पाहुण्यांना कळेना. नवरदेवाच्या आईनं मोठ्या आईला हळूच विचारलं, "मुलगी भांडते का हो?" मोठी आई म्हणाली, "नाई जी, आमच्या घरी फक्त टीव्हीसंगं भांडतात." लग्न तिथेच जमलं. आपल्यामुळे जमलं, असं मोठे बाबा आजही सांगतात.

पुण्याच्या जावयानं त्यांना फोनवर 'सिम्प्सन्स'ची गोष्ट सांगितली. 1989 पासून चाललेलं ते अमेरिकन कार्टून. त्यात नेड फ्लँडर्स नावाचा शेजारी आहे. सुरुवातीला नुसता भला माणूस, देवाधर्माचा, मदतीला धावणारा. वर्षं गेली तसा तो लिहिणाऱ्यांच्या हातात नुसता देवभोळा होऊन बसला, इतका की या रोगाला तिकडच्या प्रेक्षकांनी त्याचंच नाव देऊन टाकलं. मोठ्या बाबांनी त्याचा एकही भाग पाहिलेला नाही. तरी आता घरात कोणी जास्त वेळ पूजेत बसलं की "फ्लँडरभाऊ झाला काय?" असा प्रश्न येतो.

सगळंच त्यांना नापसंत असतं असं नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू 'सकाळ'मध्ये 1991 च्या नोव्हेंबरात सुरू झाला. पुण्याहून येणारं कोणी ना कोणी त्यांच्यासाठी जुने अंक आणायचं. त्यातली कात्रणं अजून एका डायरीत चिकटवलेली आहेत. चिंटू वर्षानुवर्षं तेवढाच राहिला, पण त्याच्याजवळ पप्पू होता, मिनी होती, बगळ्या होता, आईबाबा होते, कधी परीक्षा, कधी पाऊस, कधी नुसताच कंटाळा. एकाच गोष्टीवर त्याला पोट भरावं लागलं नाही. "पोट्टं मोठं नाई झालं, पन खोटंबी नाई झालं," हा मोठ्या बाबांनी दिलेला सर्वांत वरचा ग्रेड. 2012 मध्ये चिंटूचा सिनेमा निघाला तेव्हा मात्र ते गेले नाहीत. "कागदावर बरा आहे. कायले हालवता त्याले?"

2019 च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन भरलं. 1973 साली गदिमा अध्यक्ष असताना इथे भरलेल्या संमेलनात मोठ्या बाबांनी पाणी वाटलं होतं, त्यामुळे साहित्यावर त्यांचा जुना हक्क. या वेळी ते मंडपाबाहेर कार्यक्रमपत्रिका घेऊन उभे होते. कथा आहे, कविता आहे, परिसंवाद आहेत. "कार्टूनचं काहून नाई?" असं त्यांनी एका कार्यकर्त्याला विचारलं. त्यानं व्यंगचित्रांचं दालन असेल तर दाखवतो म्हणून त्यांना दोन चकरा मारायला लावल्या. मोठे बाबा परत आले ते पुस्तकांच्या पिशव्या घेऊन. नातवासाठी म्हणून घेतलेली ती पुस्तकं अजून त्यांच्याच उशाशी आहेत, रिमोटच्या शेजारी.

आता घरची गंमत. कुठलंही बारसं असो, वास्तू असो, तेरवीचं जेवण का असेना, मोठे बाबा दिसले की कोणीतरी डोळा मारून विचारतं, "काय मोठे बाबा, मोटू कसा आहे?" ते सुरू होतात. पोरं दबा धरून बसलेली असतात. "पयले असा नोता" हे तीन शब्द आले रे आले की पंगतीत हशा पिकतो. एकानं त्यांचा आवाज काढून मोबाइलवर टाकलाय, तो नात्यातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरतो. मोठ्या बाबांना वाटतं, लोकांना विषय पटतोय.

मोठी आई मात्र बघत असते. परवा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अजी, लोकायनं तुमचंबी तेच केलं बरं का."

"काय केलं?"

"मोटूचं केलं ते."

मोठे बाबा जरा वेळ गप्प राहिले. मग अंगठे जुळवून हवेतला पुंजका ओढत म्हणाले, "माहा समोसा कोनता?"

मोठ्या आईनं उत्तर दिलं नाही. आतल्या खोलीतून नातवानं दिलं, अगदी त्यांच्याच आवाजात.

तेव्हा कार्टून लिहिणाऱ्यांपैकी कोणाच्या हाती हे पडलं, तर यवतमाळहून एक मागणं आहे. एका भागात, फक्त एकाच, मोटूला समोसा मिळू देऊ नका. घसीटारामला एखादं काम खरंच जमू द्या. चिंगमनं बंदूक वर करावी आणि काहीही पडू नये. आणि तो भाग शक्यतो साडेपाचला लावा. सातनंतर नको. सातला मोठे बाबा सामुदायिक प्रार्थनेला जातात, आणि तिथे ते खंजिरी फार सुरेख वाजवतात.